भिशीचे साठ हजार आणि इंडेक्स फंड: सुरुवात नेमकी कुठून करू?

अबोली_कळवा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३४, राहायला खारेगाव, नोकरी ऐरोलीला, अकाउंट्समध्ये. (हो, रोज कळव्याहून उलटं ठाण्याला आणि ठाण्याहून सुलटं ऐरोलीला. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब रुपया-पैशापर्यंत जुळवते, पण स्वतःच्या पैशांचं म्हणाल तर पीपीएफ, दोन एफडी, पाडव्याला घेतलेलं थोडं सोनं आणि लग्नाआधी बाबांनी काढून दिलेली एक पॉलिसी. घराचा हप्ता नवरा भरतो, घरखर्च दोघांत.

या महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या भिशीत माझा नंबर लागला. आम्ही बाराजणी, पाच-पाच हजारांची भिशी, म्हणजे साठ हजार हातात आलेत. ट्रेनमधली मैत्रीण म्हणते, "निफ्टीचा इंडेक्स फंड घे आणि डोकं लावू नकोस." डोकं लावू नकोस म्हटलं की माझं डोकं जास्तच चालायला लागतं. रात्री ॲप उतरवलं, 'इंडेक्स' टाइप केलं, तर यादी संपेचना. निफ्टी ५०, नेक्स्ट ५०, १००, ५००, मोमेंटम, अल्फा, इक्वल वेट. शिवाय प्रत्येकाच्या शेपटीला डायरेक्ट-रेग्युलर, ग्रोथ-आयडीसीडब्ल्यू. ॲप बंद केलं आणि भांडी घासली.

तर प्रश्न: इंडेक्स फंड म्हणजे नेमकं काय, कोणता घ्यायचा, साठ हजार एकदम टाकू का, आणि बुडाले तर? चौथा प्रश्न सासूबाईंचा आहे, पण तो माझाही आहे.

---

पहिली_खिडकी | सोमवार, रात्री १०:२०

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं, लाज वाटत होती.

---

टेबललँप | सोमवार, रात्री ११:३५

अबोली, भांडी घासलीस ते उत्तम केलंस. त्या यादीतला नव्वद टक्के भाग तुला आत्ता लागणारच नाही.

निफ्टी ५० ही राष्ट्रीय शेअर बाजाराने केलेली पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी, म्हणजे निर्देशांक (इंडेक्स). एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाली, १९९५ च्या नोव्हेंबरातली पातळी १००० धरून. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स तिच्या आधीचा, १९८६ चा, त्यात तीस कंपन्या. इंडेक्स फंडाच्या व्यवस्थापकाने स्वतःची अक्कल वापरायची नसते. यादीत ज्या कंपनीचं जेवढं वजन, तेवढ्याच प्रमाणात त्याने तो शेअर घेऊन ठेवायचा. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमानुसार अशा फंडातले किमान ९५ टक्के पैसे त्या निर्देशांकातल्या शेअरमध्येच असावे लागतात. त्यामुळे "आमच्या मॅनेजरला वाटलं म्हणून" असला प्रकार इथे होत नाही.

वजन कसं ठरतं? कंपनीचे जे शेअर प्रवर्तकांकडे अडकलेले नाहीत, बाजारात खरोखर फिरू शकतात, त्यांच्या एकूण किमतीवर. म्हणून पन्नास कंपन्या म्हणजे पन्नास सारखे वाटे नव्हेत. पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून जास्त पैसे असतात, आणि एकूण पैशांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँका नि वित्त कंपन्यांत. 'सगळ्या देशात पैसे पसरले' असं जाहिराती सांगतात ते अर्धंच खरं.

मग घ्यायचा कशाला? तर खर्च कमी असतो म्हणून. कोणता शेअर चांगला हे शोधणारी फौज पोसायची नसल्याने निफ्टीच्या डायरेक्ट (मधल्या एजंटाशिवाय घेतलेल्या) फंडाचा वार्षिक खर्च साधारण ०.१ ते ०.३ टक्के असतो. शिवाय महागडी फौजही दरवर्षी निर्देशांकाला हरवतेच असं नाही. पुढच्या दहा वर्षांत कोणती फौज हरवणार हे आधी कळत नाही, ही खरी गोम आहे.

अवांतर: अमेरिकेत व्हॅनगार्डच्या जॉन बोगलने १९७६ मध्ये सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. लोक त्याला 'बोगलचा वेडेपणा' म्हणायचे.

कोणता घेऊ याचं उत्तर: निफ्टी ५०, डायरेक्ट, ग्रोथ. एकच. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. खर्च कमी असलेला, बऱ्यापैकी मोठा आणि निर्देशांकाच्या मागे फार न रेंगाळणारा असा कुठलाही चालेल. ग्रोथ (लाभांश हातात न देता फंडातच ठेवणारा प्रकार) अशासाठी की लाभांश खात्यात आला की आपण चप्पल घेतो, आणि त्यावर कर भरावा लागतो तो वेगळाच.

---

नोटिफिकेशन_बंद | मंगळवार, सकाळी ८:०५

माझ्याकडे निफ्टी ५० चा एक, सेन्सेक्सचा एक आणि निफ्टी १०० चा एक असे तीन फंड आहेत. विविधता म्हणून.

---

टेबललँप | मंगळवार, सकाळी ८:३१

सेन्सेक्समधल्या जवळजवळ सगळ्या कंपन्या निफ्टीत असतात आणि निफ्टी १०० मध्ये तर निफ्टी ५० अख्खी बसलेली असते. एकाच पातेल्यातलं वरण तीन वाट्यांत वाढून घेतलंत. वाईट काही नाही, पण तीन वाट्या घासाव्या लागतात.

---

जुना_दलाल | मंगळवार, सकाळी ११:५०

अबोलीताई, तुमचं गाव वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी नौपाड्यातला, वय ६९. ऐंशीच्या दशकात दलाल स्ट्रीटवर एका पेढीत कारकून होतो. तेव्हा रिंगणात उभं राहून ओरडून सौदे व्हायचे. १९९५ मध्ये संगणक आले आणि ओरडणं संपलं. घसा मात्र अजून तसाच आहे, घरातले सांगतील.

सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाच्या तीस नावांत तुमच्या कळव्याचे दोन शेजारी होते, मुकंद आणि सीमेन्स. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ते कारखाने तुम्ही पाहिले असतीलच. शिवाय पद्मिनी गाडी काढणारी प्रीमियर, ॲम्बॅसडरवाली हिंदुस्तान मोटर्स, बॉम्बे डाइंग, बल्लारपूरची कागद कंपनी. तेव्हा आमच्या पेढीत कोणी सांगितलं असतं की हिंदुस्तान मोटर्स यादीतून जाईल आणि सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्या तिथे येऊन बसतील, तर त्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवलं असतं.

माझ्या वडिलांनी त्यातल्या एका कंपनीचे शेअर आयुष्यभर जपले. लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नाव सांगत नाही. कंपनी निर्देशांकातून केव्हाच गेली, कागद कपाटात राहिले. इंडेक्स फंडवाल्याला हे दुःख नसतं. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरात, निफ्टीची यादी तपासली जाते आणि गळणारी गळते. त्याला त्या कंपनीवर माया करायची मुभाच नाही.

सत्यमचं उदाहरण घ्या. जानेवारी २००९ मध्ये घोटाळ्याची कबुली आली आणि त्याच महिन्यात ती निफ्टीबाहेर. तिच्या जागी आली रिलायन्स कॅपिटल. पुढे तीही यादीतून गेली आणि काही वर्षांनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. २०२० च्या मार्चमध्ये येस बँक बाहेर, श्री सिमेंट आत. म्हणजे यादी काही देवाने केलेली नाही, तिच्यातही नासके आंबे येतात. फरक एवढाच की नासका काढायला तुम्हाला रात्री जागावं लागत नाही. पडझडीतला तोटा मात्र तुमच्या वाट्याला येतोच, काढण्याआधी तो शेअर पडलेला असतो.

---

शून्य_भागिले_शून्य | मंगळवार, दुपारी १:१५

काका मस्त. पण सगळे सांगतात त्या वर्षाला १२ टक्क्यांसाठी वीस वर्षं थांबायचं? मी निफ्टीवरच ऑप्शन करतो, गेल्या गुरुवारी दोन तासांत अकरा हजार काढले.

---

जुना_दलाल | मंगळवार, दुपारी १:४०

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी?

---

शून्य_भागिले_शून्य | मंगळवार, दुपारी २:५८

तो विषय वेगळा आहे.

---

मीरा_सानपाडा | मंगळवार, दुपारी ३:२०

😄 सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला होता: तीन आर्थिक वर्षांत वायद्यांमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन) उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. १२ टक्क्यांचीही कोणी हमी दिलेली नाही, तेही लिहून ठेवते. धाग्याचा विषय ऑप्शन नाही, पुढे चला.

---

ठाणेकर_आजोबा | मंगळवार, रात्री ९:१०

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा मला हक्क आहे, कारण मी बुडालेला माणूस आहे.

जानेवारी २००८. सेन्सेक्स २१ हजारांवर. गोखले रोडवर भाजीवालासुद्धा शेअरचं बोलत होता. त्या महिन्यात एक गाजलेला आयपीओ (कंपनीची पहिली शेअरविक्री) आला होता, नाव नको. मी पीएफमधून पैसे काढून त्यात आणि इतर चार-पाच शेअरमध्ये टाकले, सगळे एकाच आठवड्यात. ऑक्टोबरपर्यंत सेन्सेक्स आठ-साडेआठ हजारांत. हिने एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

मी डिसेंबरात सगळं विकलं. २०१० च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर गेलेला टीव्हीवर पाहिला. तिथून परत घसरला. त्या पातळीवर पाय रोवायला २०१३ उजाडलं. निर्देशांकात पैसे ठेवून गप्प बसलो असतो तरी पाच-सहा वर्षं हातात काही नसतं, हे तरुण मंडळींनी ऐकावं. "लाँग टर्म, लाँग टर्म" म्हणणं सोपं आहे. त्या सहा वर्षांत माझ्या मुलीची बारावी, इंजिनिअरिंगची फी आणि आईचं आजारपण होऊन गेलं.

म्हणून ताई, पैसे बुडतात ते बाजार पडल्यावर नाही, पडलेला असताना गरज लागली की. त्या गरजेचे पैसे आधी वेगळे काढा.

---

मीरा_सानपाडा | मंगळवार, रात्री ९:४४

आजोबा, नमस्कार. हा प्रतिसाद माझ्या भावाला पाठवते.

---

टेबललँप | मंगळवार, रात्री १०:३०

आजोबांनी लिहिलं ते मी माझ्या पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. तर क्रम असा: सहा महिन्यांचा खर्च (हप्ता धरून) एफडीत किंवा बचत खात्यात, आरोग्य विमा ऑफिसचा सोडून स्वतःचा, घरात कोणी अवलंबून असेल तर टर्म इन्शुरन्स. मग उरलेल्यातून इंडेक्स फंड, आणि तोही सात-दहा वर्षं हात लावायचा नसेल अशा पैशांचा. अबोली, दोन एफडींपैकी एक तर तुझा आपत्कालीन फंड झालाच.

---

अबोली_कळवा | बुधवार, रात्री १०:०५

सगळ्यांना धन्यवाद. आजोबा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "या माणसाचं ऐक."

आज जेवणाच्या सुट्टीत माझं पगाराचं खातं आहे त्या बँकेत गेले. तिथले साहेब फार गोड बोलले, चहाही दिला. इंडेक्स फंड म्हटल्यावर म्हणाले, "मॅडम, त्यात काय ठेवलंय, मी तुम्हाला त्यापेक्षा चांगलं देतो," आणि दोन फॉर्म काढले. एक कुठला तरी फंड, ज्याच्या नावात 'रेग्युलर' आहे, आणि दुसरा गुंतवणूक-प्लस-विमा असं काहीतरी, पाच वर्षं अडकवायचे. सही केली नाही, "मिस्टरांना विचारते" म्हणून सटकले. (मिस्टरांना विचारायचं नव्हतं. पण हे वाक्य फार उपयोगी आहे.)

रेग्युलर म्हणजे नेहमीचा, साधा असं मला वाटलं होतं. तसं नाही ना?

---

टेबललँप | बुधवार, रात्री १०:४०

नाही. ही नावं ठेवणाऱ्याला पुरस्कार द्यायला हवा. रेग्युलर म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन धरून, तुझ्या पैशांतून, दरवर्षी, जोवर पैसे आहेत तोवर. डायरेक्ट म्हणजे थेट फंड कंपनीकडून, १ जानेवारी २०१३ पासून सेबीने प्रत्येक फंडाला ही सोय द्यायला लावली. फंड तोच, शेअर तेच.

हिशोब करूया, तुझाच प्रांत आहे. महिना ५ हजार, वीस वर्षं. भरणा १२ लाख. वर्षाला १० टक्के मिळाले असं धरलं तर सुमारे ३८ लाख होतात. त्यातला एक टक्का दरवर्षी कोणीतरी खाल्ला, म्हणजे ९ टक्के, तर साधारण साडेतेहतीस लाख. त्या चहाची किंमत साडेचार लाख. (१० टक्के हे फक्त गणितासाठी, बाजार असा सरळ चालत नाही.)

---

वितरक_पण_माणूस | बुधवार, रात्री ११:२५

मी कोपरीत राहतो, म्युच्युअल फंड वितरक आहे, रीतसर परीक्षा देऊन एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) घेतलाय. धाग्यावर दगड पडणार हे माहीत असूनही लिहितो.

वरचं गणित बरोबर आहे, फक्त इंडेक्स फंडात आमचं कमिशन एक टक्का नसतं, बरंच कमी असतं. आणि म्हणूनच तुम्हाला ते साहेब इंडेक्स फंड देत नव्हते. एवढं खरं बोललो, आता माझी बाजू. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडली, ७६०० वर आली. त्या दिवशी मला एकतीस फोन आले. "सगळं विका." मी एकेकाला अर्धा-अर्धा तास धरून ठेवलं. वर्ष संपेपर्यंत निफ्टी १३,९०० च्या वर होती. तिघांनी ऐकलं नाही, त्यांनी ॲपवरून स्वतःच विकलं. डायरेक्टवाल्याला फोन करायला कोणी नसतं. तुम्हाला असा फोन लागणार नाही याची खात्री असेल तर खुशाल डायरेक्ट घ्या, मीच सांगतो.

---

ठाणेकर_आजोबा | गुरुवार, सकाळी ७:१५

डिसेंबर २००८ मध्ये तुम्ही कुठे होतात हो?

---

वितरक_पण_माणूस | गुरुवार, सकाळी ९:०२

आजोबा, तेव्हा मी बेडेकर कॉलेजात होतो. 🙏

---

टेबललँप | गुरुवार, सकाळी ९:३०

दगड नाही, उलट +१. सल्ला हवाच असेल तर आणखी एक वाट आहे: सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार, जो फी घेतो आणि कमिशन घेत नाही. नाव सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

---

श्रीमंत_व्हा_२४ | गुरुवार, सकाळी १०:११

[हा प्रतिसाद काढण्यात आला आहे.]

---

संपादक | गुरुवार, सकाळी १०:४०

वरच्या आयडीने 'रोज ३ टक्के नफा'वाल्या व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक दिली होती. आयडी बंद केला आहे. कोणी जोडले गेले असाल तर बाहेर पडा, पैसे पाठवले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

---

अबोली_कळवा | गुरुवार, रात्री ९:५०

ठरवलं: निफ्टी ५०, डायरेक्ट, ग्रोथ. पण केवायसीतच अडकले. स्टेटस 'ऑन होल्ड' दाखवतंय. पॅनवर माहेरचं नाव, मधे बाबांचं. आधारवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं. बँकेत तिसराच प्रकार: माझं नाव, नवऱ्याचं नाव, माहेरचं आडनाव. त्या दिवशी बँकेत कोणी काय लिहिलं देव जाणे.

---

मीरा_सानपाडा | गुरुवार, रात्री १०:२५

अगं, ये, गळाभेट घेऊ. या विषयावर कुठल्याच पुरुष-तज्ज्ञाचा व्हिडिओ नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी दीड महिना यात घालवलाय.

आधी ठरव की तुला कुठलं नाव ठेवायचंय. नवऱ्याला काय वाटतं, सासरी काय वाटतं ते बाजूला. पासपोर्ट, डिग्री, पीएफ, घराचे कागद यांवर जे जास्त ठिकाणी आहे ते ठेव, म्हणजे कमी जागी बदलावं लागेल. मी माहेरचं ठेवलं आणि आधारच बदललं. तुला सासरचं ठेवायचं असेल तर पॅन दुरुस्ती ऑनलाइन होते, खर्च शंभर-सव्वाशेच्या आसपास. विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल. ते काढलेलं नसेल तर आधी ते, तुमच्या महापालिकेच्या प्रभाग समितीत. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि प्रमाणपत्र नव्हतं. साक्षीदार म्हणून लग्नातलेच मामा परत गोळा केले, त्यांनी पुन्हा जेवण मागितलं.

मग पॅन आणि आधार जोडलेले आहेत ना ते आयकराच्या पोर्टलवर तपास. त्यानंतर बँक. नाव, जन्मतारीख, मोबाइल, तिन्हीकडे सारखं झालं की केवायसी नव्याने आधारवरून कर, स्टेटस 'व्हॅलिडेटेड' दिसलं पाहिजे. नुसतं 'रजिस्टर्ड' असेल तर प्रत्येक नव्या फंड कंपनीकडे परत कागद द्यावे लागू शकतात.

आणि हो, हप्ता तुझ्या स्वतःच्या खात्यातूनच जायला हवा. नवऱ्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या नावाची एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) चालत नाही. नॉमिनी भर. तो मात्र कोणीही चालतो.

---

पहिली_खिडकी | गुरुवार, रात्री ११:०२

दोन छोटे प्रश्न. एका फंडाचा एनएव्ही (एका युनिटचा, म्हणजे हिश्श्याचा, भाव) २०, दुसऱ्याचा १५०. वीसवाला स्वस्त ना? आणि ईटीएफ काय असतं?

---

टेबललँप | गुरुवार, रात्री ११:३०

नाही. पाव किलो पेढे चार तुकड्यांत घ्या किंवा चाळीस, वजन तेच. दोन्ही फंड निफ्टीच्याच मागे असतील तर दोन्ही टक्केवारीत सारखेच वर-खाली होणार. वीसवाला फक्त नवा आहे.

पाहायचं ते टीआरआय, म्हणजे लाभांश धरून काढलेला निर्देशांक. निफ्टीच्या कंपन्या वर्षाला सव्वा टक्क्याच्या आसपास लाभांश देतात. तो न धरता केलेली तुलना म्हणजे फंडाला फुकटचे मार्क. फंडाचा परतावा टीआरआयपेक्षा किती मागे राहिला ते बघा. खर्चाएवढाच मागे असेल तर काम चोख.

ईटीएफ शेअरसारखा बाजारात विकत मिळतो, त्याला डीमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) लागतं आणि समोर विकणारा हवा, नाहीतर भाव वाकडा मिळतो. नवशिक्याने साधा इंडेक्स फंड घ्यावा.

---

जुना_दलाल | शुक्रवार, दुपारी १२:२०

ईटीएफवरून आठवलं. आपल्याकडचा पहिला, निफ्टी बीज, २००२ च्या जानेवारीत बाजारात आला. कंपनी होती बेंचमार्क. ती घेतली गोल्डमन सॅक्सने, त्यांच्याकडून रिलायन्सने, आणि आता ती निप्पॉनकडे आहे. तीनदा पाटी बदलली, आतली निफ्टी तीच. कंपनी कोणती घेऊ म्हणून रात्र जागवणाऱ्यांसाठी सांगितलं.

---

मी_आपला_असाच | शुक्रवार, दुपारी ४:४५

साठ हजारांचं काय मग? माझं मत एकदम टाका. बाजार पडण्यापेक्षा जास्त वर्षं चढतो.

---

ठाणेकर_आजोबा | शुक्रवार, रात्री ८:३०

माझं मत माहीत आहेच. तुकड्यांनी. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६ हजारांवर होती, पुढच्या मार्चात २२ हजारांच्या आसपास. पहिल्याच सहा महिन्यांत साठाचे पन्नास दिसले की माणूस परत एफडीत पळतो. गणित तुमचं बरोबर असेल, पण गणिताला झोप लागायची गरज नसते.

---

अबोली_कळवा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२:१५

अपडेट द्यायला उशीर झाला. आधार बदललं, माहेरचं नाव. (सासूबाई म्हणाल्या, "मला कोणी विचारलं असतं तर मीही तेच केलं असतं." मग बराच वेळ दोघी गप्प होतो.) केवायसी व्हॅलिडेटेड. साठांपैकी तीस हजार एफडीत घालून आपत्कालीन रक्कम पुरी केली. उरलेले तीस पाच-पाच हजारांनी सहा महिने, आणि पुढे पगारातून तेवढेच चालू. तारीख ७ ठेवली, भिशीचीही तीच असते, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही.

पण एक गोष्ट सतावतेय. ५००० गेले, आणि स्टेटमेंटमध्ये गुंतवणूक ४९९९.७५ दाखवतंय. पंचवीस पैसे कुठे गेले? ॲपच्या मदत विभागात विचारलं तर "तुमच्या संयमाबद्दल आभार" असं उत्तर आलं.

---

टेबललँप | रविवार, दुपारी १२:४०

मुद्रांक शुल्क! जुलै २०२० पासून फंडाच्या प्रत्येक खरेदीवर ०.००५ टक्के. पाच हजारांवर बरोबर पंचवीस पैसे. इतकी वर्षं गुंतवतोय, इथे पहिल्यांदाच कोणी हे विचारलं.

---

जुना_दलाल | रविवार, दुपारी १:०५

आमच्या पेढीत अशी कारकून असती तर शेठ झोपला नसता.

---

अबोली_कळवा | रविवार, दुपारी १:३०

😄 आणि कर? पुढे कधी विकले तर?

---

वितरक_पण_माणूस | रविवार, दुपारी २:१०

वर्षाच्या आत विकलंत तर नफ्यावर २० टक्के. वर्षभरानंतर विकलंत तर आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा, त्यावरच्याला साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ पासूनचे दर. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात, आणि विकताना सर्वांत जुनी युनिटं आधी जातात. पैसे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात.

फुकट सांगितलं. कमिशन नको, मामलेदारची मिसळ चालेल.

---

शून्य_भागिले_शून्य | रविवार, रात्री ११:४८

टेबललँप, एक विचारायचं होतं. ५०० रुपयांची एसआयपी होते का? सध्या तेवढेच आहेत.

---

टेबललँप | रविवार, रात्री ११:५५

होते. काही ठिकाणी १०० चीसुद्धा होते. केवायसी झालंय ना तुझं?

---

शून्य_भागिले_शून्य | सोमवार, रात्री १२:०१

ते डीमॅट उघडतानाच झालंय. तारीख ७ च टाकतो.